वळचणीतली ऊब

१

डनेडिनच्या जुन्या लाकडी घरांच्या छपरांखाली रांगण्यात नायरी स्ट्रॅकनची एकोणीस वर्षं गेली होती. घराची ऊब घरातच राहील अशी व्यवस्था करायची आणि ओल घालवायची, हा तिचा धंदा. कुठल्याही घरात पाऊल टाकलं की ती आधी वास घ्यायची. बुरशीचा वास वेगळा, पाणी मुरलेल्या लाकडाचा वेगळा, फरशीखालच्या मातीतून वर चढणाऱ्या ओलीचा आणखी वेगळा. जुलैतल्या, तिथल्या ऐन हिवाळ्यातल्या, त्या सकाळी मिसेस गिलीज यांच्या माडीवर तिला यातला एकही वास आला नाही. जो आला तो तिला पटकन ओळखता येईना. जिना उतरताना तिच्या लक्षात आलं. पुष्कळ माणसं एका खोलीत झोपून उठावीत आणि कुणी खिडकी उघडू नये, तसा तो वास होता.

घर दरीच्या सावलीच्या बाजूला होतं. हिवाळ्यात दुपारी अडीचला ऊन डोंगराआड जायचं ते दुसऱ्या दिवशी अकराला परत यायचं. मिसेस गिलीज ब्याऐंशी वर्षांच्या. नवरा आर्ची जाऊन तीन वर्षं झाली होती. यंदाच्या हिवाळ्यात छाती भरून त्या दोनदा इस्पितळात राहून आल्या, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की घर कोरडं आणि उबदार झालं तरच त्यांनी तिथे राहावं, नाहीतर वृद्धाश्रमात जावं. पर्थला राहणाऱ्या त्यांच्या मुलीने, लॉर्नाने, फोनवरून नायरीला काम दिलं होतं.

माडीवरच्या एकमेव खोलीत छत दोन्ही बाजूंनी उतरत येऊन कमरेएवढ्या बुटक्या भिंतींना टेकत होतं. त्या भिंतींमागे वळचणीची तिकोनी पोकळी. तिकडे ऊन उत्तरेकडून येतं, त्यामुळे ते कधीच न लागणाऱ्या दक्षिणेच्या बाजूला, बुटक्या भिंतीत एक लहान दार होतं. त्याच बाजूच्या फळ्यांवर काळपट डाग पसरले होते. नायरीने ओल मोजायच्या यंत्राच्या सुया लाकडात रोवल्या. पंधरा आला तर लाकूड ठीक, विसाच्या वर काळजी. यंत्राने एकतीस दाखवला.

"पत्रा फुटलाय," ती म्हणाली.

तावीता शिडी लावून छपरावर चढला. हा सामोअन माणूस गेली आठ वर्षं तिच्याबरोबर होता. चाळिशीचा, दाराएवढा रुंद, काम करताना चर्चमधली गाणी गुणगुणणारा. नायरी त्याच्याहून जेमतेम दहा वर्षांनी मोठी, पण तो तिला आंटी म्हणायचा. पंधरा मिनिटांनी तो खाली आला.

"पत्रा गेल्याच वर्षीचा आहे आंटी. एकूण एक स्क्रू घट्ट. वरून थेंब आत जायचा नाही."

म्हणजे ओल आतूनच येत होती. नायरीने स्वयंपाकघरात बसून नेहमीचे प्रश्न विचारले. कपडे घरात वाळत घालता का? नाही. गॅसचा शेगडी-हीटर? नाही. घरात माणसं किती?

मिसेस गिलीज बशीतला चुरा बोटाने गोळा करत होत्या. त्यांचं बोट थांबलं.

"मी," त्या म्हणाल्या. आणि जरा वेळाने, "मी एकटीच."

२

नायरीला तो मधला थोडासा वेळ खटकला. पण एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना या प्रश्नाचं वाईट वाटतं हे तिला माहीत होतं, म्हणून तिने ते तिथेच सोडलं.

तिने काडेपेटीएवढी चार नोंदयंत्रं लावली. दर अर्ध्या तासाला हवेतलं पाणी आणि तापमान टिपून ठेवणारी. एक स्वयंपाकघरात, एक खालच्या झोपायच्या खोलीत, एक माडीवर आणि एक त्या लहान दाराआड, वळचणीत. शिवाय ती स्वतः फरशीखाली पोटावर सरपटत गेली. माती कोरडी होती. न्हाणीघरातला पंखा वाफ बाहेर फेकत होता. नळ कुठे गळत नव्हता.

आठवड्याने तिने नोंदी संगणकावर उतरवल्या, आणि चहा गार होईपर्यंत त्या रेषांकडे बघत बसली.

खालच्या मजल्यावर एकटं माणूस राहतं तसंच सगळं होतं. वळचणीतली रेषा मात्र चढलेलीच होती. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी दहाच्या सुमारास ती आणखी चढायची आणि एकला उतरायची. बाहेर दोन अंश थंडी असताना, जिथे ना हीटर ना दिवा, त्या अंधाऱ्या फटीत त्या वेळी सतरा अंश भरत होते.

झोपलेलं माणूस एका रात्रीत पेलाभर पाणी हवेत सोडतं. नायरीने कागदावर हिशेब मांडला. पोकळी केवढी, हवा किती, पाणी किती. उत्तर पाच माणसांचं आलं. तिने पुन्हा मांडला. पुन्हा पाचच.

तावीता हसला. यंत्र बिघडलंय म्हणाला. तिने नवीन यंत्र लावलं. तेही तेच सांगू लागलं. मंगळवारी आणि शुक्रवारी दहा ते एक मिसेस गिलीज कुठे असतात, हे तिने सहज बोलता बोलता काढून घेतलं. त्या चर्चच्या हॉलमध्ये विणकामाला जात होत्या.

मग नायरीला सगळं स्वच्छ दिसल्यासारखं झालं. बाई कुणालातरी लपवून ठेवत होत्या. माणसं वर असणार, बाई घरी असताना, कुणी भेटायला येईल म्हणून, दबून राहणार आणि त्या बाहेर पडल्या की हालचाल करणार. मारकुट्या नवऱ्यापासून पळून आलेली एखादी, तिची पोरंबाळं. असं या गावात कुणी केलं नव्हतं असं नाही. त्या विचाराने तिला बरं वाटलं. माणसं असतील तर ती दिसतील, त्यांच्याशी बोलता येईल.

३

मंगळवारी साडेदहाला ती एकटीच गेली. यंत्रं बघायला म्हणून तिला किल्ली दिलेलीच होती.

दार लावून ती खालीच उभी राहिली. फ्रिज घुरघुरत होता. तो बंद झाला आणि घर एकदम मोठं वाटायला लागलं. तिने स्वयंपाकघर बघितलं. जाळीवर एक कप, एक बशी, एक चमचा. न्हाणीघरात एक ब्रश. कचऱ्याच्या डब्यात एका माणसाचा कचरा. लपवणारं माणूस इतकं चोख असू शकतं का, हे ती स्वतःला विचारत राहिली, आणि असू शकतं असंच उत्तर देत राहिली.

जिन्याची सहावी पायरी वाजली. वर काहीतरी थांबलं. आधीही ऐकू काहीच येत नव्हतं आणि आत्ताही येत नव्हतं, तरी काहीतरी थांबलं असं तिला वाटलं. जुनी घरं थंडीत आखडतात, फळ्या जागा सोडतात, तिने स्वतःला सांगितलं. लोकांना हे समजावण्यात तिचं आयुष्य गेलं होतं.

खोलीच्या खिडकीला आतून पाणी सुटलं होतं. लहान दाराजवळ ती गुडघ्यांवर बसली.

"मी नायरी," ती बेताच्या आवाजात म्हणाली. "छपराचं काम करते. मी कुणाला काही सांगणार नाही. भिऊ नका."

तिने कडी काढली. दार उघडताच कोमट, ओली हवा तिच्या तोंडावर आली. चष्म्यावर धुकं धरलं. तो पुसून तिने बॅटरी आत फिरवली. वासे, फळ्या, एका खिळ्याला लटकलेलं तिचं यंत्र. खाली तुळयांच्या मधे बोटभर धूळ, वर्षानुवर्षांची, सपाट. तिच्यावर यंत्र लावताना उमटलेल्या तिच्या स्वतःच्या गुडघ्यांच्या खुणा. बाकी एकही खूण नाही.

ती बराच वेळ बघत राहिली. वळचणीच्या टोकाला, जिथे छप्पर आणि भिंत एक होतात, तिथे मांजरालाही बसायला जागा नव्हती. तरीही हवा तिच्या तोंडावर येतच होती. मधे थांबायची. मग पुन्हा यायची.

तिने दार लावलं, कडी घातली आणि खाली येऊन गाडीत बसली. वाऱ्याचा झोत असणार, असं तिच्या मनात आलं. समोर कुंपणाआडच्या सफरचंदाचं एक वाळकं पान फांदीला लटकून होतं. ते हलत नव्हतं.

४

त्या दिवशी नायरीने जे केलं त्याची तिला पुढे लाज वाटली. तिने पर्थला फोन लावला.

तिला काय सांगायचं होतं हे तिलाच नीट ठाऊक नव्हतं. आपण पाहिलं ते सांगण्यासारखं नव्हतं, आणि हिशेबाचं उत्तर तर कागदावर होतं. म्हणून तिने हिशेबच सांगितला. घरात एका माणसाची ओल नाही, जास्त आहे. कुणी येऊन-जाऊन असतं का, एवढंच तिने विचारलं.

लॉर्ना भराभरा बोलायला लागली. आईचा स्वभाव पहिल्यापासून असाच, कुणालाही घरात घ्यायचा. ते लोक तिला लुबाडतील. दोन आठवड्यांत घर कोरडं झालेलं दिसलं नाही तर ती स्वतः येऊन आईला वृद्धाश्रमात ठेवणार होती. नायरी मधे मधे नाही, तसं नाही म्हणत राहिली, पण ठिणगी तिनेच टाकली होती.

दुसऱ्या दिवशी ती गेली तेव्हा मिसेस गिलीज यांनी किटली चढवली नाही. बसा म्हटलं नाही.

"माझ्या पोरीने माझ्यावर ओरडायचं तेवढं राहिलं होतं," त्या म्हणाल्या. "तेही झालं. मी खोटं बोलते असं तुला वाटलं, तर मलाच विचारायचंस."

"चुकलं माझं," नायरी म्हणाली. "आता विचारते. वर काय आहे?"

बाईंनी खिडकीबाहेर बघितलं. बोलायच्या आधी त्यांना दम खावा लागत होता.

"ते मी आर्चीलाही कधी विचारलं नाही. दर मे महिन्यात, थंडीच्या आधी, तो छपरावर जायचा आणि आढ्याजवळ दोन पत्रे जरा उचलून खाली पाचर घालायचा. वर थोडं उघडं असू दे, म्हणायचा. घर गार पडायचं. मी कुरकुर करायची. तो गेल्यावर पाचरी तशाच राहिल्या. मागच्या वर्षी लॉर्नाने नवा पत्रा घातला आणि सगळं बंद झालं."

नायरीच्या छातीवरचा दगड उतरला. वाफेला वाट नव्हती, म्हणून ती साचत होती. एका माणसाचीच, पण वर्षभराची. पाचचं कोडं तेवढ्याने सुटत नव्हतं, हे तिला कळत होतं. तिने तिकडे बघायचं टाळलं.

"दोन आठवड्यांत घर कोरडं करून देते," ती म्हणाली. "तुम्हाला इथून कुणी हलवणार नाही."

"कर," मिसेस गिलीज म्हणाल्या. आनंदाने म्हणाल्या नाहीत.

५

काम चोख करायचं तिने ठरवलं. पत्र्याखाली इंचभर हवेची वाट ठेवायची, ती वळचणीला आणि आढ्याला बाहेर उघडायची. वाशांच्या मधे ऊब धरून ठेवायला लोकर भरायची. खोलीच्या बाजूने वाफ अडवणारा पडदा ताणायचा, त्याचे सांधे पट्टीने बंद करायचे, वर नवीन फळ्या. बुटक्या भिंतींनाही तसंच. लहान दार काढून टाकायचं आणि ते भोक कायमचं बुजवायचं. म्हणजे खोली आणि वळचण यांचा संबंध संपला. वळचण बाहेरच्या थंडीची, खोली माणसांची.

चार दिवस दोघं राबली. तावीता गात होता. मिसेस गिलीज खाली भाजलेले चीज रोल करून ताट जिन्याच्या पायरीवर ठेवून जायच्या. वर मात्र येत नव्हत्या.

पाचव्या दिवशी दरीत धुकं बसलं होतं आणि वारा मुळीच नव्हता. फक्त लहान दाराची चौकट उरली होती. नायरीने पडदा तिच्या तीन बाजूंना ठोकला. एक बाजू लोकर आत सारायला मोकळी ठेवली. लोकर संपली होती. तावीता गाडीतून आणायला गेला.

पडदा दुधी रंगाचा, अर्धपारदर्शक. नायरी समोर बसून पट्टी कापत होती. पडदा खोलीच्या बाजूला जरासा फुगला. खाली दार उघडलं की असं होतं, हवेचा दाब बदलतो. तो परत सपाट झाला. पुन्हा फुगला. तिने तळवा टेकवला. ऊब होती. तळव्याखालून पडदा सावकाश पुढे आला आणि सावकाश मागे गेला.

मग तिला ते डाग दिसले. पडद्याच्या मागच्या अंगाला, खालच्या कडेजवळ, मुठीएवढं धुकं उमटलं आणि विरलं. त्याच्या शेजारी दुसरं. एकेकाची लय वेगळी होती. सगळे जमिनीलगत, जणू तोंडं खाली टेकून कुणी ओळीने पडलं होतं. नायरी हलली नाही. डाग उमटत राहिले, विरत राहिले. मग त्यातला एक दिसेनासा झाला आणि वर, बरोबर तिच्या तोंडासमोर, उमटला.

जिन्यावर पावलं वाजली. तावीता लोकरीचा गठ्ठा घेऊन दारात आला. त्याने पडद्याकडे बघितलं. गठ्ठा त्याने अगदी अलगद खाली ठेवला.

"आंटी," तो हळूच म्हणाला, "खाली चल."

"लोकर दे इकडे."

"हे बंद करू नकोस."

"मग बाईंना घेऊन जातील, तावी. मी फोन केला म्हणून घेऊन जातील. दे."

त्याने दिली. मग तो जिन्याच्या वरच्या पायरीवर जाऊन बसला आणि आपल्या भाषेत प्रार्थना पुटपुटू लागला. नायरीने मोकळ्या बाजूने लोकर आत सारली. अर्ध्यावर ती अडली. पलीकडे काहीतरी मऊ होतं. तिने डोळे मिटून खांद्याने जोर लावला. तेव्हा कुणी मागे सरून जागा द्यावी तसं ते सरलं, आणि लोकर बसली. तिने पडदा ठोकला, सांधे बंद केले, फळी लावली. खिळे वाकडे गेले. ते उपटून तिने दुसरे मारले.

६

दहाव्या दिवशी लाकडाचा आकडा अठरावर आला, तेराव्या दिवशी पंधरावर. लॉर्नाला अहवाल गेला. तिने आभाराचं पत्र पाठवलं. तावीताने दुसऱ्या एका टोळीत काम धरलं. जाताना त्याने तिचा हात दोन्ही हातांत धरला, पण त्या घराबद्दल बोलला नाही.

सप्टेंबरात नायरी नेमाच्या तपासणीला गेली. त्या दिवशी तिचा पाय ब्रेकवरून निघायला जरा वेळच लागला.

घर कोरडं खडखडीत होतं. मिसेस गिलीज यांच्या गालांवर रंग आला होता. इस्पितळाचं तोंड बघितलं नाही म्हणाल्या. जिना त्या तिच्या पुढे चढल्या, न थांबता. त्यांनी आपला पलंग माडीवर हलवला होता, दक्षिणेच्या बुटक्या भिंतीला लावून.

नायरीने यंत्र रोवलं. तेरा. मग उशीच्या उंचीवर तिला ते दिसलं. नव्या फळीत, लोकरीतून, पडद्यातून आरपार, पत्रपेटीच्या तोंडाएवढं भोक कापलेलं होतं. हाताने, पुष्कळ दिवस खपून. काठ काचू नयेत म्हणून त्यावर निळ्या लोकरीची कड विणून बसवली होती.

"हे तुम्ही केलंत?"

"पडल्या पडल्या तोंड तिथे येतं," मिसेस गिलीज म्हणाल्या. "हवा कोमट असते. छातीला बरी वाटते. पहिल्यांदा नुसती त्यांच्यासाठी वाट केली होती. मग कळलं, मलाच तिची गरज आहे."

"कुणाची हवा?"

"लॉर्नाला सांगायचं असेल तर सांग," त्या म्हणाल्या. "या वेळी मला आधी विचारते आहेस, ते बरं केलंस."

रोल ओव्हनमध्ये ठेवायला त्या खाली गेल्या. त्यांची पावलं तरण्या बाईसारखी पडत होती.

नायरीने कागदावर तेरा लिहिलं, सही केली, आणि कागद घडी घालून खिशात ठेवला. जायला हवं होतं. ती पलंगाच्या कडेशी गुडघ्यांवर बसली आणि कान त्या निळ्या काठाला लावला.

काहीच नव्हतं. आतली शांतता लोकरीची असते तशीच, मुकी. हवाही येत नव्हती. लाकूड कोरडं का झालं हे तिला माहीत होतं, पडदा कसा काम करतो हे माहीत होतं, आणि आजारी म्हातारी माणसं नुसत्या मनाच्या समजुतीने बरी होतात हेही तिने ऐकलेलं होतं. नीट ऐकू यावं म्हणून तिने श्वास रोखला. दहा मोजले, वीस मोजले, तीस मोजले. खाली बशांचा आवाज झाला. छाती जळायला लागली, तेव्हा तिने श्वास सोडला.

पलीकडे, अगदी कानाशी, त्यांनीही सोडला. एकेकाने, दमल्यासारखा. ऊब तिच्या गालावर पसरली. मग सगळ्यांनी तो परत आत घेतला, धरून ठेवला, आणि तिची वाट पाहू लागले.